महिला मंडळे, ग्रामीण (मराठवाडा व हिंगोली जिल्हा)

खेड्यातील स्त्रियांनी आरोग्य, बालसंगोपन, शिक्षण, बचत, पूरक व्यवसाय आणि गावाचे सार्वजनिक प्रश्न यांसाठी स्थापन केलेल्या, किंवा शासकीय प्रेरणेने स्थापन झालेल्या, स्थानिक संघटना. स्वातंत्र्योत्तर काळात सामूहिक विकास योजनेबरोबर ‘महिला मंडळ’ ही संज्ञा खेडोपाडी रूढ झाली. पुढे आघाडी, बचत गट, ग्रामसंघ अशी नावे तिच्या जोडीला आली. या संघटनांचे उद्देश व घटना भिन्न असल्या, तरी एकाच गावात पुष्कळदा त्याच स्त्रिया एकामागून एक या सर्वांच्या सभासद झालेल्या दिसतात. म्हणून त्यांचा इतिहास एकत्र पाहणे सोयीचे ठरते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत व औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,७७,३४५ होती, तीपैकी सु. ८५ टक्के ग्रामीण होती. पूर्णा व कयाधू या येथील प्रमुख नद्या. सोयाबीन, कापूस, ज्वारी व हळद ही मुख्य पिके. कळमनुरी व औंढा भागांत आंध आदिवासींची वस्ती असून बंजारा समाजाचे तांडे जिल्हाभर विखुरलेले आहेत. केंद्र शासनाच्या मागास क्षेत्र अनुदान निधी योजनेत (२००६) महाराष्ट्रातील जे बारा जिल्हे निवडले गेले, त्यांत हिंगोलीचा समावेश होता. जिल्हा नवा असल्यामुळे १९९९ पूर्वीचा त्याचा इतिहास परभणीच्या आणि १९५६ पूर्वीचा हैदराबाद संस्थान-राज्याच्या इतिहासात मिसळलेला आहे. यास्तव प्रस्तुत नोंदीत मराठवाड्याचा, व जेथे आवश्यक तेथे लगतच्या प्रदेशांचा, विचार केला आहे.

पूर्वपीठिका : औपचारिक संघटना येण्यापूर्वी खेड्यातील स्त्रियांना एकत्र येण्याचे प्रसंग नव्हते असे नाही. निंदणी-खुरपणीसाठी एकमेकींच्या शेतात आळीपाळीने जाण्याची ‘सावड’, एकादशीचे भजन, हळदीकुंकू, जात्यावरचे दळण, भिशी या सर्वांत पाळी ठरविणे, शब्द पाळणे व देणेघेणे लक्षात ठेवणे या गोष्टी होत्याच. संत नामदेवांचे नर्सी आणि जनाबाईचे गंगाखेड याच परिसरातील असल्याने वारकरी परंपरेतील स्त्रियांचा वावरही येथे जुना आहे. मात्र या व्यवहाराला सार्वजनिक कारभारात स्थान नव्हते. गावकीच्या बैठकीत स्त्री बसत नसे, आणि वेशीपलीकडील वस्तीतील स्त्री तर उंबरठ्याबाहेरच उभी राहत असे.

पश्चिम महाराष्ट्रात स्त्रियांच्या संस्था एकोणिसाव्या शतकातच निघाल्या. पंडिता रमाबाईंचा आर्य महिला समाज (१८८२), रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालील पुण्याचे सेवासदन (१९०९) आणि पुणे येथे १९२७ साली भरलेली अखिल भारतीय महिला परिषद हे त्यांतील ठळक टप्पे होत. या संस्था प्रामुख्याने शहरी व मध्यमवर्गीय होत्या. निजामी अंमलाखालील मराठवाड्यात तितकेही शक्य झाले नाही. मराठी शिक्षणाची सोय अपुरी होती आणि ‘गश्ती निशान ५३’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिपत्रकाने सार्वजनिक सभांवर निर्बंध घातले होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात दगडाबाई शेळके यांच्यासारख्या ग्रामीण स्त्रियांनी निरोप व शस्त्रे पोहोचविण्याची धोक्याची कामे केली. पण १७ सप्टेंबर १९४८ नंतर या धैर्याला पुढे नेईल अशी संघटना गावात उभी नव्हती.

ग्रामीण कार्याचा नमुना दुसरीकडून आला. कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक निधीने खेड्यात राहून काम करणाऱ्या ग्रामसेविकांना शिक्षण देण्यास आरंभ केला; महाराष्ट्रात सासवड येथील आश्रमात प्रेमा कंटक यांनी हे कार्य केले. त्याच सुमारास (१९४५) ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे प्रयोग सुरू केले. गावातीलच स्त्रीला शिकवून तिच्याकडून गावाचे काम करून घ्यावे, ही कल्पना या दोन्ही प्रयत्नांत समान होती. पुढील शासकीय योजनांनी ती उचलली, परंतु तिचे प्रमाण मात्र फार लहान ठेवले.

सामूहिक विकास योजना व महिला मंडळे : सामूहिक विकास योजनेचा आरंभ २ ऑक्टोबर १९५२ रोजी, तर राष्ट्रीय विस्तार सेवेचा २ ऑक्टोबर १९५३ रोजी झाला. १९५३ सालीच दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन होऊन त्याने खेड्यांसाठी कल्याण विस्तार प्रकल्प हाती घेतले. विकासगट हा योजनेचा घटक असून त्यात सु. शंभर गावे येत. गटविकास अधिकाऱ्याच्या हाताखाली कृषी, पशुसंवर्धन, सहकार इ. विषयांचे विस्तार अधिकारी आणि गावपातळीवर दहा ग्रामसेवक असत. स्त्रियांमध्ये काम करण्यासाठी याच गटात दोन ग्रामसेविका व त्यांच्यावर देखरेख करणारी एक मुख्यसेविका नेमली जाई.

दहा ग्रामसेवक आणि दोन ग्रामसेविका हे प्रमाण ध्यानात घेतल्याशिवाय महिला मंडळांच्या यशापयशाचा विचार करता येत नाही. एका ग्रामसेविकेकडे सु. पन्नास गावे येत. रस्ते कच्चे, एस. टी. मोजक्या मार्गांवर, पावसाळ्यात कयाधू-पूर्णेच्या काठची गावे तुटलेली. अशा स्थितीत एका गावी महिन्यातून एकदा पोहोचणेही कठीण होते. शिवाय ग्रामसेविका बहुधा तरुण, परगावची व एकटी राहणारी असे. तिच्या निवासाची सोय, तिच्याविषयी गावात होणारी कुजबूज आणि मुक्कामाच्या जागेची असुरक्षितता यांची योजनेच्या आराखड्यात फारशी दखल नव्हती. जेथे मंडळ खरोखर चालले, तेथे बहुधा गावातील एखादी शिक्षिका, सुईण किंवा पाटलाच्या घरची कर्ती स्त्री पुढे आलेली असे.

मंडळांचा कार्यक्रम गृहविज्ञानावर आधारलेला होता. विस्तार प्रशिक्षण केंद्रांना जोडलेल्या गृहविज्ञान शाखांतून ग्रामसेविकांना शिक्षण मिळे. शिवण व विणकाम, निर्धूर चूल, शोषखड्डा, परसबाग, बालवाडी, प्रौढ साक्षरता, लसीकरण व प्रसूतीपूर्व काळजी हे त्यातील मुख्य विषय होत. १९६० नंतरच्या दशकात युनिसेफ, अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने चालविलेल्या व्यावहारिक पोषण कार्यक्रमात कुक्कुटपालन, भाजीपाला व मुलांचा पूरक आहार यांची जबाबदारी महिला मंडळांकडे देण्यात आली.

या कार्यक्रमावर ‘शिवणयंत्रापुरते मंडळ’ अशी टीका नेहमी केली जाते. ती अंशतःच खरी आहे. बालवाडीमुळे मोठ्या बहिणीची शाळा सुटत नसे. देवी, घटसर्प यांवरील लसीचे महत्त्व स्त्रियांना प्रथम मंडळाच्या बैठकीत कळले. आणि घराबाहेर, नातेसंबंधाच्या पलीकडे, ठरावीक वेळी बसण्याची सवय येथेच लागली. खरा दोष दुसरा होता. योजनेने स्त्रीला गृहिणी मानले. मराठवाड्यातील बहुसंख्य स्त्रिया मात्र शेतात राबत. खुरपणी, कापूसवेचणी, ज्वारीची काढणी व खळे ही कामे त्यांचीच. तरीही बियाणे, खते, विहीर, पतपुरवठा यांची माहिती कृषी अधिकाऱ्याकडून पुरुषांना दिली जाई. दुपारी भरणाऱ्या बैठकीस मजूर स्त्री येऊ शकत नसे, आणि तिची वस्ती वेगळी असल्यास तिला बोलावणेही जात नसे. परिणामी मंडळ गावाच्या मध्यभागी राहणाऱ्या थोड्या कुटुंबांपुरते सीमित होई. अनुदान संपले, ग्रामसेविकेची बदली झाली किंवा बालवाडीचे मानधन थांबले की फलक राही आणि मंडळ कागदोपत्री उरे. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यावर अंगणवाडीने बालवाडीची जागा घेतली. मुलांच्या दृष्टीने ही सुधारणा होती, परंतु त्यामुळे अनेक मंडळांचे उरलेले एकमेव नित्याचे कामही गेले.

निर्णयाच्या जागा : बलवंतराय मेहता समितीने (१९५७) पंचायत समितीवर दोन स्त्रियांना स्वीकृत सभासद म्हणून घ्यावे अशी शिफारस केली. मुंबई ग्रामपंचायत अधिनियमात (१९५८) ग्रामपंचायतीवर स्त्रियांसाठी दोन जागांची तरतूद होती. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमानेही (१९६१) स्त्रिया निवडून न आल्यास त्यांना स्वीकृत करून घेण्याची सोय केली. व्यवहारात या जागा बहुधा प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रियांना मिळत आणि सहीपुरत्याच उरत. पुणे जिल्ह्यातील निंबूत येथे १९६३ साली संपूर्ण स्त्रियांची ग्रामपंचायत निवडून आली, हा त्या काळातील लक्षणीय अपवाद होय. भारतातील स्त्रियांच्या दर्जासंबंधीच्या समितीने (१९७४) गावपातळीवर वैधानिक अधिकार व स्वतःची साधने असलेल्या स्त्री-पंचायती असाव्यात असे सुचविले होते. ही सूचना अमलात आली नाही. महिला मंडळाला पैसा व अधिकार दोन्ही नव्हते, हे मात्र तीमुळे अधिकृतपणे नोंदले गेले.

दुष्काळ आणि चळवळी : १९७२-७३ च्या दुष्काळाने ग्रामीण स्त्रियांच्या संघटनेला वेगळे वळण दिले. मराठवाड्यात खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध व रस्ते यांच्या कामांवर स्त्रिया फार मोठ्या संख्येने आल्या. पूर्वी शेतमालकाच्या बांधावर एकट्यादुकट्या असलेल्या मजूर स्त्रिया येथे शेकड्यांनी एकत्र आल्या. मापाप्रमाणे दाम, हजेरीपट, पाळणाघर, पिण्याचे पाणी व वेळेवर मजुरी या मागण्या त्यांनी केल्या. या अनुभवातून साकारलेला महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ‘महिला मंडळ’ हे नाव येथे कोणी वापरले नाही. पण ग्रामविकासाच्या प्रत्यक्ष कामात स्त्रीला कामगार म्हणून प्रथम मान्यता मिळाली ती याच ठिकाणी. याच काळात धुळे जिल्ह्यातील (आता नंदुरबार) शहादा भागात श्रमिक संघटनेच्या आदिवासी स्त्रियांनी दारूच्या भट्ट्या फोडल्या. दारूबंदीची ग्रामीण स्त्री-चळवळ तेथून पुढे अनेक जिल्ह्यांत पसरली.

मराठवाड्याच्या सीमेवर, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात निरक्षर व बहुतांशी दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकविण्यात आले. त्यांच्या आधाराने उभी राहिलेली महिला मंडळे केवळ आरोग्यापुरती न राहता पाणी, वनीकरण व कर्ज या प्रश्नांकडे वळली. अंबाजोगाई येथे १९८२ साली स्थापन झालेली ‘मानवलोक’ ही संस्था आणि शैला लोहिया यांचा ‘मनस्विनी’ महिला प्रकल्प यांनी मराठवाड्यात परित्यक्ता, कौटुंबिक अत्याचार व मजूर स्त्रियांचे प्रश्न हाती घेतले. हे विषय जुन्या मंडळांच्या कार्यक्रमपत्रिकेवर कधीच आले नव्हते.

शेतकरी संघटनेचे अधिवेशन १९८४ साली परभणी येथे भरले. या प्रदेशातील शेतकरी स्त्रियांना मोर्चा, सत्याग्रह व तुरुंग यांचा परिचय त्या वर्षांतलाच. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड (जि. नासिक) येथे शेतकरी महिला आघाडीचे प्रचंड अधिवेशन भरले. आघाडीने ग्रामपंचायत निवडणुकांत सर्व स्त्रियांच्या पॅनेलचा प्रयोग केला, विटनेर (जि. जळगाव) व मेटीखेडा (जि. यवतमाळ) ही त्यांतील प्रसिद्ध गावे. ‘लक्ष्मीमुक्ती’ या तिच्या मोहिमेत शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करावा असे आवाहन करण्यात आले. १९९२ साली राज्य शासनाने पतीच्या संमतीने पत्नीचे नाव सातबारा उताऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. जमिनीचा प्रश्न मांडणारी ही संघटना स्वतःला स्त्रीमुक्तिवादी म्हणवून घेण्यास फारशी उत्सुक नव्हती, ही गोष्ट लक्षणीय आहे.

किल्लारी भूकंप आणि मंडळांचे पुनरुज्जीवन : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात सु. आठ हजार माणसे मृत्यू पावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद यांमुळे मनुष्यहानी वाढली. पुनर्वसनाचे दोन भाग होते. पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या गावांचे स्थलांतर हा एक, आणि अंशतः हानी झालेल्या सु. १,३०० गावांतील घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हा दुसरा. दुसऱ्या भागात घरमालकाने स्वतःच काम करून घ्यावयाचे असल्याने माहिती घरोघर पोहोचविणे हा कळीचा प्रश्न ठरला. अभियंत्याची भाषा गावाला कळत नव्हती. शासनाची यादी गावात येई, पण ती बहुधा चावडीपाशीच थांबे.

या कामी ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेचे साहाय्य घेण्यात आले. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने या संस्थेने गावोगावची महिला मंडळे शोधून काढली. त्यांतील पुष्कळ मंडळे केवळ नोंदणीपुस्तकात जिवंत होती. त्यांची पुन्हा बैठक बोलावून गावातील स्त्रियांमधून ‘संवाद सहायक’ निवडण्यात आल्या. भिंतीत आरपार दगड का घालावा, भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा कोठे द्यावा, माळवदावरील मातीचा थर कमी का करावा, अनुदानाचा हप्ता कोणत्या टप्प्यावर मिळतो, सिमेंटची पोती मोजून कशी घ्यावीत, या गोष्टी त्या शिकल्या व त्यांनी त्या घरोघर सांगितल्या. काम निकृष्ट असल्यास त्यांनी गवंड्याला हटकले. हप्ता अडल्यास त्या तहसील कचेरीत गेल्या. माळवदाखाली दबलेल्या गावांना घर हा पुरुषाचा विषय राहिला नव्हता, आणि त्या परिस्थितीने या स्त्रियांना जे बोलण्याचे बळ दिले ते चाळीस वर्षांच्या गृहविज्ञानाने दिले नव्हते.

दुरुस्तीचा कार्यक्रम संपल्यावर मंडळे मोडली नाहीत, कारण त्यांनी बचत व कर्जव्यवहार सुरू केला होता. २००१ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या स्त्रिया गुजरातेत कच्छच्या गावांत जाऊन तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगून आल्या. पुढे वारंवारच्या अवर्षणात याच गटांनी कुटुंबाच्या जमिनीपैकी एक एकर स्त्रीने स्वतःच्या निर्णयाने कसावी व त्यात कमी पाण्याची अन्नपिके घ्यावीत, असा प्रयोग केला. संस्थेस २०१७ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले.

हिंगोलीच्या दृष्टीने हा अनुभव केवळ शेजारच्या जिल्ह्यांची हकीकत नाही. वसमत, औंढा व कळमनुरी तालुक्यांतील काही गावांत अलीकडच्या वर्षांत जमिनीतून गूढ आवाज व सौम्य धक्के जाणवत आले आहेत. २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी जिल्ह्यात ४.५ तीव्रतेच्या भूकंपांची नोंद झाली. मातीत रचलेल्या दगडी भिंतींची घरे याही भागात आहेत. संवाद सहायकांची पद्धत येथे वापरता येण्याजोगी आहे, आणि तीस लागणारे गट गावोगाव तयार आहेत.

बचत गट : राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने (नाबार्ड) १९९२ साली ५०० गटांना बँकांशी जोडण्याचा पथदर्शी कार्यक्रम सुरू केला. दहा ते वीस सभासद, ठरावीक बैठक, ठरावीक बचत, आपसांतील कर्ज, वेळेवर परतफेड व लेखी हिशेब ही त्याची सूत्रे होती. नोंदणी नसलेल्या गटासही बँकेत खाते उघडता येऊ लागले, हा बदल वरवर किरकोळ परंतु परिणामतः फार मोठा होता. जुन्या महिला मंडळाला सभासदांची वर्गणी ठेवण्यास जागा नव्हती. गटाकडे पासबुक आले. सावकाराकडे दागिना न ठेवता दवाखान्याचा, बियाण्याचा किंवा मुलाच्या फीचा खर्च भागविता येऊ लागला, आणि कर्ज कोणास द्यावयाचे हे ठरविताना स्त्रियांना हिशेबाबरोबर वादही मिटवावे लागले.

महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ (‘माविम’, स्थापना २४ फेब्रुवारी १९७५) या संस्थेने आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने १९९४ पासून ग्रामीण पतपुरवठा प्रकल्प राबविला, २००३ मध्ये बचत गटांसाठी शासनाने तिला राज्याची समन्वय संस्था नेमले. २००७ पासून ‘तेजस्विनी’ कार्यक्रम हिंगोलीसह तत्कालीन सर्व ३३ ग्रामीण जिल्ह्यांत चालला. त्यातून अनेक गावांच्या गटांची मिळून ‘लोकसंचालित साधन केंद्रे’ उभी राहिली. या केंद्रांचा कारभार सभासद स्त्रियाच पाहतात. २०११ साली सुरू झालेल्या राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने (‘उमेद’) गट, ग्रामसंघ व प्रभागसंघ अशी तीन स्तरांची रचना आणली आणि गावातील स्त्रियांनाच बँक सखी, कृषी सखी, पशु सखी अशी कामे दिली. पन्नास गावांना एक परगावची ग्रामसेविका या जुन्या व्यवस्थेशी तुलना करता हा फरक उघड आहे. मात्र या सख्यांचे मानधन अत्यल्प असून ग्रामविकासाची पुष्कळशी जबाबदारी स्वस्त स्त्रीश्रमावर टाकली गेली, हा आक्षेप निराधार नाही.

दुसरी अडचण कर्जाची. खाजगी सूक्ष्म वित्तसंस्था संयुक्त दायित्वाच्या तत्त्वावर स्त्रियांना कर्जे देतात. त्यांच्या कर्जदारांच्या समूहालाही बोलीभाषेत ‘गट’च म्हणतात. त्यात बचत नसते, बैठक हप्ता गोळा करण्यापुरती असते आणि एकीने हप्ता चुकविला की इतरांना तो भरावा लागतो. नावाच्या या सारखेपणामुळे दोन्हींची गल्लत होते आणि एकाच्या अपकीर्तीचा डाग दुसऱ्यावर पडतो.

पंचायत, ग्रामसभा व दारूबंदी : महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखून ठेवल्या. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर (१९९३) हे प्रमाण एक-तृतीयांश आणि २०११ मध्ये निम्मे झाले. निवडून आलेल्या स्त्रीच्या जागी पतीने कारभार पाहण्याचा प्रकार सर्वश्रुत आहे. बचत गटात काही वर्षे काढलेली स्त्री सरपंच झाली म्हणजे हा प्रकार कमी आढळतो, कारण तिला इतिवृत्त, ठराव व खातेवही यांची सवय झालेली असते. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची वैधानिक तरतूदही झाली. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान (आरंभ २०००-०१) आणि ‘जलस्वराज्य’ प्रकल्प (२००३–०९) यांत पाणी व स्वच्छता समित्यांवर स्त्रियांना निम्मे स्थान मिळाले. पाणी भरणाऱ्या व्यक्तीस पाणीयोजनेच्या बैठकीत खुर्ची मिळण्यास स्वातंत्र्यानंतर अर्धे शतक लागले.

दारूबंदीबाबत २००८ च्या आदेशाने कार्यपद्धती निश्चित केली. गावातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केल्यास मतदान घेतले जाते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते बंदीच्या बाजूने पडल्यास परवानाप्राप्त दुकान बंद होते. निवडणूक चिन्हांवरून ही पद्धत ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणून ओळखली जाते. अनुपस्थित स्त्रीचे मत दुकानाच्या बाजूने पडल्यासारखेच होते, त्यामुळे शेतीची सुगी किंवा स्थलांतराचा हंगाम असताना मतदान आल्यास बंदीचा पक्ष दुबळा पडतो. अवैध विक्रीस तर या मतदानाचा धाक नसतोच. तेथे गटांच्या स्त्रियांना पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

हिंगोली जिल्ह्यातील स्थिती : जिल्ह्यात बचत गटांच्या दोन्ही शासकीय यंत्रणांबरोबर काही स्वयंसेवी संस्थांनीही कार्य केले आहे. कळमनुरी तालुक्यातील ‘उगम’ ग्रामीण विकास संस्थेने पाणलोट विकास आणि कयाधू नदीचे पुनरुज्जीवन या कामांत ग्रामस्थांचे गट सहभागी करून घेतले. वसमतची हळद प्रसिद्ध असून तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीची लागवड, काढणी, कंद निवडणे व वाळविणे यांतील फार मोठे श्रम स्त्रियांचे असतात. बाजार समितीतील पट्टी मात्र ज्याच्या नावे जमीन त्याच्या नावे होते. हळद पूड, मसाले, पापड यांचे घरगुती उद्योग गटांनी सुरू केले आहेत. ठोक खरेदी, प्रतवारी व साठवण यांत त्यांचा शिरकाव त्यामानाने थोडा आहे.

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी व औंढा भागांतील तांडे व वस्त्यांवरून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी व वीटभट्ट्यांवर जातात आणि उन्हाळ्यात परततात. पाच-सहा महिने दर आठवड्याची बैठक होत नाही. सूत्रांप्रमाणे मग तो गट अनियमित ठरतो व बँकेच्या कर्जास अपात्र होतो. ज्यांना पतपुरवठ्याची गरज सर्वांत अधिक, तेच यामुळे मागे राहतात. काही गट यावर उपाय म्हणून परतल्यानंतर बचत एकरकमी भरतात, तर काही ठिकाणी घरी राहिलेली वृद्ध सभासद सर्वांची पुस्तके सांभाळते. शेतकरी आत्महत्यांनंतर मागे राहिलेल्या स्त्रियांचा प्रश्नही या जिल्ह्यास नवा नाही. सातबाऱ्यावर वारसनोंद, घराचा आठ-अ उतारा व निवृत्तिवेतन यांसाठी त्यांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ व मराठवाड्यातील अशा स्त्रियांची पाहणी करून जमीन व घर यांवरील त्यांच्या हक्काचा प्रश्न पुढे आणला. गावाच्या ग्रामसंघाने तलाठ्याकडे एकत्र जाऊन अशा नोंदी करून घेण्याची प्रथा मराठवाड्यात काही ठिकाणी पडली आहे. अर्ज एकीचा असतो, पण सोबत दहाजणी जातात.

[→ ग्रामपंचायत, बचत गट, रोजगार हमी योजना, सामूहिक विकास योजना, हिंगोली जिल्हा.]